१७ मिलिमीटर : पुढे उकललेला सांधा, मागे दुखणारी कंबर

ती दारातून आत आली ती आडवी. एक खांदा पुढे, चौकटीला हात, पाय उचलायचे नाहीत, फरशीवरून घासत सरकवायचे. त्याआधी बाहेर बूट काढायला तिला दोन मिनिटं लागली होती. बूट काढायचा तर क्षणभर एका पायावर तोलून उभं राहावं लागतं आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं. शेवटी तिच्या आईने खाली वाकून दोन्ही बूट काढले. उघड्या दारातून मी हे बघत होते. निम्मं निदान तिथेच झालं. खरं तर ते पाच दिवस आधीच व्हायला हवं होतं. ते का झालं नाही, हेही या प्रकरणात लिहावं लागेल, कारण चूक माझी होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याबद्दल ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

तक्रार आणि आधीचा घटनाक्रम

वय ३१. पहिलं बाळंतपण, नॉर्मल प्रसूती, बाळ ३.८ किलो. माझ्यासमोर बसली तेव्हा प्रसूतीला १९ दिवस झाले होते. तक्रार विचारली तर हात आधी कमरेवर, मागे उजव्या बाजूला गेला. मग जरा संकोचून तिने हात पुढे आणला आणि ओटीपोटाच्या अगदी खाली, मधल्या हाडावर टेकवला. म्हणाली, "इथे आतून कोणीतरी दोन्हीकडे खेचतंय असं वाटतं. कूस बदलली की कट्‌ वाजतं."

हा संकोच नोंदवून ठेवण्यासारखा आहे. कंबर दुखते हे कोणीही चारचौघांत सांगतं. पुढचं हाड दुखतं हे सांगायला बायका लाजतात, आणि विचारायला आम्ही.

प्रसूतीच्या वेळी पाठीत भूल दिलेली होती. बाळाचं डोकं बाहेर आलं, पण खांदा अडकला. तेव्हा दोन माणसांनी तिचे दोन्ही गुडघे छातीकडे दाबून धरले. याला मॅकरॉबर्ट्स पद्धत म्हणतात. गुडघे असे वर नेले की कमरेची मागची खोलगट वळी सपाट होते, पुढचं हाड डोक्याच्या दिशेने वर फिरतं आणि अडकलेला खांदा सुटायला वाट होते. बाळाचा जीव वाचवणारी ही हालचाल आहे, तिला मी दोष देत नाही. फक्त एवढंच, की पाठीत भूल असली की "बास, आता दुखतंय" हा शरीराचा इशारा बाईपर्यंत पोचतच नाही. तिला त्या क्षणी काहीतरी फुटल्यासारखा आवाज आल्याचं आठवत होतं. तिने तो सांगितलाही होता. उत्तर मिळालं, "असं वाटतं कधीकधी."

दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पाय उचलेनात. "स्नायू ताणलेत, बाळंतपणात दुखायचंच," असं सांगून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

चौदाव्या दिवशी तिने मला फोन केला. कंबर दुखते म्हणाली. मी चार प्रश्न विचारले, चारही कमरेबद्दलचे, आणि दोन व्यायाम सांगितले. पाठीवर झोपून पाय वाकवायचे आणि बैठक वर उचलायची, हा एक. तळवे जुळवून गुडघे बाजूला सैल सोडायचे, हा दुसरा. तिने दोन दिवस इमानेइतबारे केले. तिसऱ्या रात्री कूस बदलता येईना. तिच्या निदानाकडे बघता दुसरा व्यायाम म्हणजे उसवलेली शिवण रोज दोन्ही हातांनी ताणून बघण्याचा प्रकार होता. न तपासता व्यायाम सांगू नये हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

बूड नसलेलं घमेलं

पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचं हाडांचं वलय, हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ पसरट भांडं. नाव ठेवणाऱ्याने वरून बघून ठेवलं असावं, कारण या भांड्याला बूड नाही. खालून ते मोकळंच असतं आणि ती मोकळी जागा स्नायूंच्या जाळीने बंद केलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या सगळ्यांचा भार त्या जाळीवर. हाडांची बाकीची नावंही अशीच गमतीची आहेत. खुब्याच्या वाटीला लॅटिनमध्ये व्हिनेगरची वाटी म्हणतात. माकडहाडाचं शास्त्रीय नाव कोकिळेच्या चोचीवरून पडलेलं आहे. मणक्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाला, म्हणजे सॅक्रमला, पवित्र हाड म्हटलं गेलं. आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या हाडांना कशाचीच उपमा सुचली नाही म्हणून जुन्या शरीरशास्त्रात त्यांचं नावच "अनामिक हाड" असं पडलं.

हे अनामिक हाड एकसंध दिसतं, पण ते तीन हाडांचं बनलेलं असतं. वरचं पंख्यासारखं पसरलेलं हाड (कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की हात त्याच्याच काठावर टेकतो), खालचं बैठकीचं हाड आणि पुढचं जघनास्थी. तिघं भेटतात खुब्याच्या वाटीत. लहान मुलाच्या एक्स-रेत तिथे तीन फाट्यांची कूर्चेची रेघ दिसते. साधारण पौगंडावस्थेत ती भरून येते आणि तीन हाडांचं एक होतं. सॅक्रमचंही तसंच, पाच मणके वाढत्या वयात जुळून एक. माकडहाड बहुधा चार मण्यांचं. एवढी बेरीज होऊन शेवटी मोठ्या माणसाचं जे वलय उरतं त्यात सांधे तीनच. मागे सॅक्रमच्या दोन्ही बाजूंना एकेक एसआय (सॅक्रोइलियाक) जॉइंट, आणि पुढे मधोमध सिम्फिसिस.

काचेची बांगडी फुटते तेव्हा ती एकाच जागी तडकून तशीच हातात राहत नाही, निदान दोन तुकडे होतात. कडक वलय एका ठिकाणी उघडायचं असेल तर ते दुसरीकडेही कुठेतरी हललंच पाहिजे. पेल्व्हिसचा एक्स-रे वाचायला शिकवताना पहिला नियम हाच असतो: एक मोड दिसली की दुसरी शोध. तिची कंबर मागून दुखत होती आणि पुढे कट्‌ वाजत होतं. या दोन तक्रारी नव्हत्या, एकाच वलयाची दोन टोकं होती. फोनवर मी त्यातलं एकच टोक धरलं होतं.

आता मागच्या सांध्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण वलयाचा सगळा डाव तिथे आहे. कंबरेपर्यंत आलेलं धडाचं वजन सॅक्रमवर येतं, तिथून दोन्ही एसआय जॉइंटमधून बाजूच्या हाडांत जातं, आणि पुढे उभं असताना मांड्यांत, बसलेलं असताना बैठकीच्या हाडांत उतरतं. पुस्तकात सॅक्रमला कमानीतला मधला दगड म्हणतात. मला ही उपमा फारशी पटत नाही. कमानीतला दगड वरून दाबला की घट्ट बसतो. सॅक्रम मात्र वरच्या भागात पुढून रुंद आणि मागून अरुंद असतो, म्हणजे वजन पडलं की तो पुढे निसटू बघणार. त्याला निसटू देत नाहीत ते मागचे जाडजूड अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. शरीरातल्या सगळ्यांत मजबूत अस्थिबंधांमध्ये त्यांची गणना होते. तेव्हा दगडापेक्षा झुलता पूल म्हणावं: मधली फळी दोन्हीकडच्या दोरांवर टांगलेली. आणि वजन पडलं की दोर ताणतात, बाजूची हाडं फळीवर आणखी आवळतात. सांध्याचे पृष्ठभागही त्याला मदत करतात. लहानपणी ते गुळगुळीत असतात, वयात आल्यावर त्यांच्यावर उंचवटे आणि खाचा येतात, एकमेकांत बसणाऱ्या. एवढ्या बंदोबस्तानंतर या सांध्यात हालचाल उरते ती दोन ते चार अंशांची, एखाद-दोन मिलिमीटरची. "तुमचा एसआय जॉइंट सरकलाय, बसवून देतो" असं कोणी म्हणालं की म्हणून मला जरा शंका येते.

पुढचा सिम्फिसिस वेगळ्या जातीचा. तिथे दोन जघनास्थींच्या मध्ये तंतुमय कूर्चेची गादी असते, मणक्यांमधल्या गादीची लांबची बहीण. वरून, खालून, पुढून, मागून अस्थिबंध. एक्स-रेवर दोन हाडांतलं अंतर एरवी ४ ते ५ मिलिमीटर असतं, आणि गरोदरपणात ते आणखी २ ते ३ मिलिमीटर वाढतं. एवढं नॉर्मल. १० मिलिमीटरच्या पुढे गेलं की सांधा उकलला असं धरतात.

हे वाढणं रिलॅक्सिन या हार्मोनमुळे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगमध्ये याचा शोध लावला, आणि गिनीपिगमध्ये ते खरंच अचाट काम करतं. तिथे पिलाचं डोकं आईच्या पेल्व्हिसपेक्षा मोठं असतं, आणि पुढचा सांधा चक्क उघडून वाट करून देतो. माणसात तितका सरळ हिशेब नाही. बाईच्या रक्तात रिलॅक्सिन सर्वांत जास्त असतं ते पहिल्या तिमाहीत. पेल्व्हिसचं दुखणं मात्र बहुतेक जणींना नंतर, पोट वाढल्यावर सुरू होतं. "सगळं हार्मोन्समुळे" हे वाक्य म्हणून मी टाळते. ते म्हटलं की पुढे तपासायचं काही राहिलं नाही असं वाटायला लागतं.

तपासणी

हात लावण्याआधी काही प्रश्न विचारायचे असतात. ताप? नाही. लघवी अडते का, नकळत होते का, रक्त जातं का? (मूत्राशय सिम्फिसिसच्या अगदी मागे असतं.) नाही. पायात मुंग्या, बधिरपणा? नाही. पोटरी सुजलीय, एकाच पायाची? नाही. हे चार नकार मिळाल्यावरच मी पुढे गेले.

सिम्फिसिसवर बोट टेकवलं तेव्हा ती दचकली. बोटाला तिथे एक खळगा लागत होता, जिथे एरवी हाडाची सलग कड लागते.

मग ती चाचणी, जिच्यासाठी मला हे सगळं प्रकरण लिहावंसं वाटलं. पाठीवर झोपायचं, दोन्ही पाय सरळ, आणि एक पाय गुडघ्यात न वाकवता वीस सेंटिमीटर वर उचलायचा. किती जड जातंय ते शून्य ते पाचमध्ये सांगायचं. उजव्या पायाला तिने चार दिले. डावा हललाच नाही. मांडीचे स्नायू थरथरताना दिसत होते, टाच गादीतच. म्हणाली, "हा पाय माझा नाहीच." म्हणजे पाच. बेरीज नऊ.

मी तिच्या दोन्ही बाजूंना, खुब्याच्या बाहेरच्या हाडांवर तळहात ठेवले आणि आतल्या दिशेने दाबलं. फार जोरात नाही, एखादं जाड पुस्तक दोन हातांत मिटून धरावं इतकंच. "आता उचला बघू."

टाच गादीवरून वर आली. तिने स्वतःच मान उचलून पायाकडे बघितलं. आई खुर्चीतून उठली. मी हात काढले, पाय खाली आला. परत दाबलं, परत वर. या वेळी तिने डाव्याला दोन दिले, उजव्यालाही दोन.

पायात ताकद होती. मांडी उचलणारे स्नायू सुरू होतात पेल्व्हिसवरून आणि मणक्यावरून. त्यांना ओढायला मागे पक्का खांब लागतो. खांबच डळमळत असेल तर ओढ पायापर्यंत पोचत नाही, खांब हलण्यात जिरते. माझे हात म्हणजे बांगडी बाहेरून आवळून धरणारी पट्टी होती. उपचार काय असणार हेही त्या दहा सेकंदांत ठरून गेलं.

एक्स-रे

हाडांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी चिठ्ठी दिली. "बाळाला दूध पाजते, एक्स-रे चालेल का?" हे आईने विचारलं. चालतो, दुधावर परिणाम होत नाही.

सिम्फिसिसमधलं अंतर भरलं १७ मिलिमीटर. मागे उजव्या एसआय जॉइंटची पुढची कड किंचित रुंद. एका पायावर उभं करून दोन्ही बाजूंनी काढायचा एक्स-रे असतो, त्यात सांधा वरखाली किती सरकतो ते कळतं. तिला उभंच राहता येत नव्हतं म्हणून तो राहिला. डॉक्टरांचं मत: शस्त्रक्रिया नको. अंतर २५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की मागच्या एसआय जॉइंटचे अस्थिबंधही फाटल्याची शंका घ्यावी लागते. त्याच्या आत असेल आणि वलय बाहेरून नीट आवळून धरलं, तर बहुतेक सांधे आपापले जुळत येतात.

असं किती जणींना होतं? वैद्यकीय लेखनात तीनशेत एकीपासून तीस हजारांत एकीपर्यंत आकडे सापडतात. आकड्यांत शंभर पटींचा फरक असला तर तो बायकांच्या हाडांत नसणार. एक्स-रे कोणी काढायला सांगितला आणि कोणी "होईल" म्हणून घरी पाठवलं, यातला तो फरक आहे, असं माझं मत.

फिल्म उजेडासमोर धरून मी तिला तिचा पेल्व्हिस दाखवला. दुखणं आत कुठे आहे ते डोळ्यांनी दिसलं की माणूस पट्टा नीट बांधतो, हा अनुभव. पुढच्या दोन हाडांखाली जो कोन होतो तो बघायला सांगितलं. अंगठा आणि तर्जनी ताणून धरली की जितका कोन होतो, साधारण तितका बाईचा. तर्जनी आणि मधलं बोट फाकवलं की होतो तितका पुरुषाचा. सांगाडा सापडला तर तो स्त्रीचा की पुरुषाचा हे ठरवायला कवटीपेक्षा पेल्व्हिस भरवशाचा. जघनास्थीवरच्या तीन खुणांवरून हे ओळखायची पद्धत फेनिस यांनी १९६९ मध्ये मांडली, ती आजही वापरात आहे. तिने विचारलं, "म्हणजे बाळंतपणाची खूणही हाडावर राहते?" एके काळी तसं मानत. जघनास्थीच्या मागच्या बाजूला बारीक खड्डे दिसले की बाई बाळंत झालेली. पुढे असे खड्डे कधीच बाळंत न झालेल्या बायकांतही सापडले आणि तो पुरावा बाद झाला.

आईचा प्रश्न

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डॉक्टर, एवढं सगळं होणारच होतं तर ही जागा जरा मोठी का नाही झाली?"

या प्रश्नावर भले भले अडलेत. आधी जागेचा हिशेब. पेल्व्हिसचं वरचं तोंड आडवं रुंद असतं, डावीउजवीकडे सुमारे १३ सेंटिमीटर, पुढून मागे ११. खालचं तोंड उलट, आडवं ११च्या आसपास आणि पुढूनमागे त्याहून मोठं, माकडहाड मागे ढकललं गेलं की आणखी थोडं. बाळाचं डोकं सर्वांत सोयीच्या बाजूने साडेनऊ. म्हणजे वर एका दिशेने शिरायचं आणि खाली येताना वळायचं. बाळ वळतं ते यासाठी; ती वाट सरळ नळीसारखी नाहीच. डोकं निघालं की खांद्यांना तीच कसरत परत करावी लागते, आणि अडतं ते बहुधा तिथे.

मग जागा अशी का? चिंपांझीचा पेल्व्हिस उंच आणि चपटा, पाठीला चिकटलेला. आपला आखूड, आणि वरचे पंखे बाजूला वळलेले. त्यामुळे नितंबाचे काही स्नायू मागून बाजूला आले आणि चालताना एक पाय उचलला तरी आपण त्या बाजूला कलंडत नाही. १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या लूसीच्या सांगाड्यातही पेल्व्हिस असाच आखूड आणि रुंद आहे. मेंदू मोठा व्हायच्या कितीतरी आधी. १९६० मध्ये शेरवुड वॉशबर्न यांनी यातून एक सुबक मांडणी केली: दोन पायांवर चालायला पेल्व्हिस अरुंद हवा, मोठ्या डोक्याच्या बाळाला रुंद हवा, दोहोंत तडजोड म्हणून बाळंतपण अवघड. पन्नासेक वर्षं सगळे हेच शिकवत होते, मीही हेच शिकले. २०१२ मध्ये होली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की बाळ कधी जन्मतं हे हाडांच्या जागेपेक्षा आईचं शरीर किती ऊर्जा पुरवू शकतं यावर ठरत असावं. २०१५ मध्ये प्रत्यक्ष मोजमापं करून दाखवली गेली की रुंद पेल्व्हिसच्या माणसांना चालायला जास्त ऊर्जा लागत नाही. म्हणजे तडजोडीची एक बाजूच लंगडी. २०१६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आणखी एक मजेची गोष्ट दाखवली: मुलींचा पेल्व्हिस वयात आल्यावर प्रसूतीला सोयीचा होत जातो, आणि चाळिशीनंतर परत थोडा अरुंद व्हायला लागतो.

आईला मी एवढं सगळं सांगितलं नाही. "अजून भांडतायत त्याच्यावरून," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "भांडणारे पुरुष असतील." डन्सवर्थ बाई आहेत, हे मी तिला सांगितलं.

माझ्यासोबत त्या दिवशी एक इंटर्न होती. तिने जाताना विचारलं, की मग अडलेल्या बाळंतपणात हा सांधा मुद्दाम कापत असतील का पूर्वी? कापत. १७७७ साली पॅरिसमध्ये झाँ-रने सिगो यांनी तो कापून प्रसूती केली. आई आणि मूल दोघंही वाचली, त्या काळात ही केवढी बातमी. बाईची लघवी मात्र पुढे गळत राहिली. मूत्राशय सिम्फिसिसच्या मागेच असतं हे मघाशी लिहिलंय, ते त्यासाठी.

उपचार

पट्टा तिच्याकडे होता. पोटाचा. प्रसूतीनंतर पोट आत जावं म्हणून घेतलेला, बेंबीच्या जागी करकचून बांधलेला. वरून पोट आवळलं की आतला दाब खाली जातो, म्हणजे तिच्या बाबतीत नेमका नको तिथे. तो पहिल्यांदा सोडायला लावला.

पेल्व्हिसचा पट्टा अरुंद असतो आणि बराच खाली येतो. जागा अशी शोधायची: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, वरती, तळहात ठेवायचा आणि पाऊल आतबाहेर फिरवायचं. तळहाताखाली एक हाड गोटीसारखं फिरताना लागतं. पट्टा त्या दोन हाडांवरून, पुढे सिम्फिसिसच्या पातळीला. झोपून बांधायचा, उभं राहून नाही. उभं राहिलं की फट आधीच वजनाने उघडलेली असते. तिने पहिल्यांदा बांधून पाय उचलला आणि मी हाताने दाबलं होतं तेवढाच फरक पडला. आकडा परत दोन.

बाकीचं सगळं एका सूत्रात बसतं: दोन्ही गुडघे एकत्र. पलंगावरून उतरताना पायांत दोरी बांधल्यासारखं एकत्र वळायचं. गाडीत बसताना आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. कपडे बसून घालायचे. एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, कारण बाजूचे स्नायू तोल सांभाळायला जोर लावतात. त्याच वेळी दुसरी बाजू खाली लोंबते आणि सिम्फिसिसची दोन हाडं वरखाली घासतात. सलवारीत पाय घालताना दुखतं ते यामुळे. जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे. घरात चालायला वॉकर. पूर्ण विश्रांती नाही, हे मुद्दाम सांगितलं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, खाटेवर पडून राहिलं की आणखी.

व्यायाम पहिल्या आठवड्यात फक्त श्वासाबरोबर खालच्या स्नायूंची जाळी हलकेच वर ओढणं, पट्टा बांधून. आठ दिवसांनी ओटीपोटाचे खोल स्नायू. मग नितंब, कुशीवर, गुडघे एकत्र. गुडघ्यांत उशी धरून हलकं दाबणं चौथ्या आठवड्यानंतर, कारण मांडीच्या आतले स्नायू थेट त्याच दुखऱ्या हाडाला धरलेले असतात. बैठक वर उचलायचा तो फोनवर सांगितलेला व्यायाम सातव्या आठवड्यात परत आला. तळवे जुळवून गुडघे सोडायचा नाही आला.

पुढे

दोन आठवड्यांत ती रात्री स्वतः कूस बदलू लागली. सहाव्या आठवड्यात अंतर १० मिलिमीटर, पाय उचलायचा आकडा उजवा एक, डावा दोन, वॉकर सुटला. बाराव्या आठवड्यात ७ मिलिमीटर, उजवा शून्य, डावा एक. मिलिमीटर आणि दुखणं हातात हात घालून चालत नाहीत. ७ मिलिमीटर पुरेसे झाले असं तिच्या शरीराने ठरवलं, मी नाही. पाळीच्या आधी दोन दिवस पुढे जड वाटतं, बाळाला एका कडेवर घेऊन फार वेळ उभं राहिलं की उजवीकडे मागे दुखतं. तेवढं राहिलंय.

सहाव्या महिन्यात ती शेवटची आली. बूट दाराबाहेर उभ्याने काढले. आत येऊन विचारलं, "मॅडम, पुढच्या वेळी परत असंच होईल?"

होऊ शकतं. एकदा उकललेला सांधा परत दुखल्याची उदाहरणं आहेत, आणि नंतर सुरळीत नॉर्मल प्रसूती झाल्याचीही. सिझेरियन करावंच लागेल असं नाही. ते तिने आणि तिच्या प्रसूतितज्ज्ञांनी ठरवायचं. माझ्या हातात होतं ते मी केलं. तिला पाठीवर झोपवलं, पाय वाकवायला लावले, गुडघे सावकाश बाजूला सोडायला सांगितले, आणि पुढे पहिला ताण जाणवला तिथे थांबवून दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजलं. ५२ सेंटिमीटर. चिठ्ठीवर लिहिलं: सिम्फिसिस उकलल्याचा इतिहास, १७ मिलिमीटर. न दुखता गुडघ्यांतलं अंतर ५२ सेंमी. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात परत मोजावं. पाठीत भूल दिल्यास गुडघे त्यापलीकडे नेऊ नयेत. शक्य असल्यास प्रसूती कुशीवर.

चिठ्ठी तिने एक्स-रेच्या पाकिटात टाकली. टेप मात्र मागून घेतला, घरी नवऱ्याला दाखवायचंय म्हणाली, ५२ म्हणजे नेमकं किती ते.